बुलेटच्या रिंगा सेंटर करून घ्यायच्या असतील तर शहापूर गाठा

सगळ्यात आधी सांगतो, ह्या दुकानाला बोर्ड नाही, त्यामुळं मॅपवर शोधून काही उपयोग नाही. बेळगावात कपिलेश्वर पुलावरून शहापूरच्या बाजूला उतरायचं आणि कुठल्याही पंक्चरवाल्याला नाहीतर गॅरेजवाल्याला "रिंग बांधणारे चाचा कुठं बसतात" विचारायचं, मराठीत विचारा नाहीतर कन्नडमध्ये, दुकानापर्यंत आणून सोडतात. दहा बाय बाराची खोली असेल, बाहेर जुन्या रिंगांची चळत, आत भिंतीला खिळ्यांवर स्पोकच्या, म्हणजे चाकाच्या तारांच्या, जुड्या टांगलेल्या. फक्त रिंगांचं, म्हणजे चाकाची गोल कड मधल्या हबला तारांनी बांधून सरळ करायचं, काम करतात. इंजिन नाही, वायरिंग नाही, साधे ब्रेक शू बदलायचे म्हटलं तरी समोरच्या गॅरेजकडं बोट दाखवतात. जुन्या गाडीच्या तारांच्या चाकाचं इतकं नीट काम बेळगाव, खानापूर, निपाणी ह्या पट्ट्यात मी तरी दुसऱ्या कुणाचं बघितलेलो नाही, आणि का ते जरा सविस्तरच सांगतो कारण त्याच्याआधी माझे पैसेही गेले आणि अख्खा पावसाळाही गेला.

गाडी आमच्या बाबांची. १९८२ ची बुलेट ३५० स्टँडर्ड, उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक असलेली जुनी, पुढं मागं दोन्हीकडं ३.२५-१९ चं टायर आणि प्रत्येक रिंगेला ४० स्पोक. बाबा तिच्यावरून खानापूरहून बेळगावला कामाला जायचे, आम्ही लहान असताना संध्याकाळी लांबून आवाज आला की आई चहा टाकायची. नंतर बरीच वर्षं ती घरामागं गोठ्याच्या भिंतीला टेकून पोत्याखाली पडली. मी इंजिन करून घेतलो, मॅग्नेटो बघून घेतलो, टाकी रंगवून घेतलो, आणि रिंगांना नुसता ब्रश मारून, तेल लावून तशाच चढवलो. फिरतात की, मग काय बघायचं असं वाटलं. तारांची चाकं दिसायला शांत असतात, कुठं काही बिघडलंय हे कळतच नाही तोपर्यंत.

गेल्या वर्षी जूनमध्ये पाऊस नुकता लागला होता, जांबोटीवरून कणकुंबी करून चोर्ल्याकडं निघालो. कणकुंबीच्या अलीकडं मागच्या चाकातनं टिक, टिक, टिक असं यायला लागलं, स्पीड वाढवला की टिकटिक पण वाढते. उतरून बघतो तर मागच्या चाकाचे दोन स्पोक मानेत, म्हणजे हबजवळ जिथं वाकलेले असतात तिथंच, तुटून लोंबकळत होते आणि त्यांच्या शेजारचा तिसरा बोटानं हलत होता. तशीच हळूहळू नेऊन मलप्रभेच्या उगमाचं देऊळ आहे तिथं गाडी लावलो, तुटलेले दोन्ही बाजूच्या चांगल्या तारांना वायरनं बांधून टाकलो आणि वीस-पंचवीसच्या स्पीडनं परत खानापूर. प्रत्येक खड्ड्याला पोटात गोळा येत होता. एक तार तुटली की तिचं ओझं शेजारच्या तारांवर जातं, मग त्या तुटतात, हे तोपर्यंत ऐकून माहीत होतं, त्या दिवशी अंगावर आलं.

मग गाडी एका ठिकाणी दिलो. नाव घेत नाही, नव्या गाड्यांचं काम ते बरं करत असतील. त्यांनी तुटलेले आणि ढिल्ले मिळून सात-आठ स्पोक नवे घातले, दोन्ही चाकांचं "सेंटरिंग" तासाभरात करून हातात दिलं, ७०० रुपये घेतले. चाक स्टँडवर फिरवून दाखवलं, एकदम सरळ, जरा पण डुलत नव्हतं. मी खुश होऊन घरी आलो.

रस्त्यावर मात्र गाडी वेगळीच वागायला लागली. चाळीसपर्यंत ठीक, पन्नासच्या वर गेली की एका बाजूला ओढायची, हँडल सतत हलकंसं दाबून धरायला लागायचं. ओल्या रस्त्यावर मागचं चाक आपल्या मागं नाही, जरा बाजूनं येतंय असं काहीतरी वाटायचं. घरात सांगितलो तर म्हणाले जुनी गाडी आहे, असंच असणार. मी हँडलचे कोन, म्हणजे हँडल ज्यांच्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या वाट्या, बदलून घेतलो, काही फरक नाही. मागचं टायर नवं टाकलो, नाही. पंधरा दिवसांत तारा परत ढिल्ल्या. आणि त्याच्यावर म्हणजे एकदा पिरनवाडीजवळ भर पावसात मागचं चाक बसलं, पंक्चरवाल्यानं ट्यूब काढून दाखवली, भोक बाहेरून नव्हतं, आतून, रिंगेच्या बाजूनं होतं. म्हणजे खिळा नाही, काच नाही, माझ्याच चाकातल्या एका स्पोकचं टोक निपलच्या, म्हणजे तार रिंगेला आवळायच्या नळीसारख्या नटच्या, बाहेर येऊन ट्यूबमध्ये घुसलेलं.

चाचांचा पत्ता मला खानापुरातल्या एका येझदीवाल्या काकांनी दिला. येझदी गाड्या बनवणारा मैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला पण येझदी जपणारी माणसं आपल्या भागात अजून भरपूर आहेत, आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखं पण भरपूर असतं. काकांनी रोग कसा ओळखला ते सांगतो, कारण ही गोष्ट कुणालाही घरी करून बघता येते. रस्त्याच्या एका सरळ, कोरड्या तुकड्याच्या तोंडाला पाणी साचलेलं होतं. मला म्हणाले, "त्या पाण्यातनं जा आणि हळू, अगदी सरळ पुढं चालव, हँडल हलवू नको." मी गेलो, थांबलो, मागं वळून बघतो तर रस्त्यावर पाण्याच्या दोन चाकोऱ्या. एकीवर एक पडायला पाहिजेत त्या एकमेकींपासून बोटभर बाजूला सरकून पडलेल्या. काका म्हणाले, "तुझं पुढचं चाक एका वाटेनं जाऊलाय आणि मागचं दुसऱ्या. कोन बदलून काय होणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच शहापूर.

चाचांचं वय सत्तरीच्या पुढं असेल. सुरुवात सायकलच्या रिंगा बांधण्यात झाली, मग मोटरसायकल. बोलतात आपल्या बेळगावी मराठीत, मधी मधी दखनी येते, आणि फोन आला की कन्नड. गाडी बघून पहिला प्रश्न, "कुणाची?" म्हटलं बाबांची. मग खाली बसले. पहिल्यांदा रिंगेकडं बघितलंच नाही त्यांनी, मागचं चाक वर उचलून टायर वरून आणि खालून धरून आडवं हलवून बघितलं. खट खट आवाज आला. "आधी बेअरिंग, मग रिंग. बेअरिंगमधी खेळ असताना रिंग सरळ केली तर कशाच्या जोरावर सरळ राहील?" हे आधीच्या ठिकाणी कुणी बघितलंच नव्हतं.

मग पाना घेऊन एकेका तारेवर हळूच मारत गेले. टिंग, टिंग, टण, टिंग, थड. चांगल्या ताणातली तार वाजते, ढिल्ली तार मुकी असते. चाळीसच्या चाळीस तारा वाजवल्या आणि मुक्या निघाल्या त्यांना खडूची खूण केली. अकरा खुणा झाल्या. आणि एवढं असून चाक फिरवलं तर सरळच फिरत होतं. मी म्हटलो, "चाचा, आऊट तर काहीच नाही." त्यावर जे म्हणाले ते मी विसरणार नाही, "फिरतीय सरळ रे बाळा, पण बसलीय दुसऱ्याच्या जागेवर."

तारांच्या चाकात तीन वेगळ्या गोष्टी बघायच्या असतात, आणि आपण तिन्हीला मिळून "आऊट काढणं" म्हणतो तिथंच घोटाळा होतो. एक, रिंग डावी-उजवीकडं डुलते का. दोन, रिंग वर-खाली उडते का, म्हणजे गोल आहे की अंड्यासारखी झालीय. ह्या दोन्ही चाक नुसतं फिरवलं तरी डोळ्याला दिसतात. तिसरी दिसत नाही, ती म्हणजे रिंग गाडीच्या मध्यावर आहे का. बुलेटच्या चाकात ब्रेकचा ड्रम एका बाजूला, त्यामुळं हबच्या दोन्ही बाजू सारख्या नाहीत, रिंग हबच्या बरोबर मध्यावर बांधली म्हणजे गाडीच्या मध्यावर आली असं होत नाही. ती किती बाजूला घ्यायची ह्याचं ठरलेलं माप असतं, त्यालाच खरं तर सेंटर म्हणायचं. आधीच्या माणसानं हबकडं बघून अंदाजानं रिंग मधी आणून ठेवली होती. चाचांकडं लोखंडी पट्ट्यांचा एक जुडगा आहे, तारेत ओवलेला, प्रत्येक पट्टीला हॅक्सॉनं पाडलेली खाच, बुलेट पुढची, बुलेट मागची, जावा, राजदूत अशा. ड्रमच्या कडेला पट्टी टेकवायची आणि रिंगेची कड त्या खाचेला यायला पाहिजे. माझ्या मागच्या रिंगेची कड खाचेपासून ७ एमएम लांब. पुढची ३ एमएम, आणि ती दुसऱ्या बाजूला! म्हणजे दोन चाकं मिळून एक सेंटीमीटर एकमेकांपासून फाकलेली.

म्हणून कुणीही जुनी रिंग सोडवायला देत असाल तर एवढं करा, एक तार सोडायच्या आधी ड्रमच्या कडेवर सरळ पट्टी ठेवून रिंगेच्या कडेपर्यंतचं माप घ्या आणि वहीत लिहून ठेवा, फोटो पण काढा तारा कशा गुंफल्यात त्याचा. एकदा सोडल्यावर ते माप परत येत नाही. सगळ्यांच्या नशिबी पट्ट्यांचा जुडगा असलेले चाचा येत नाहीत.

रिंग नुसती बाजूला सरकवायची असती तर सगळ्या तारा सोडायची गरज नव्हती. ज्या बाजूला न्यायची त्या बाजूच्या सगळ्या तारा सारख्या आवळायच्या, दुसऱ्या बाजूच्या तेवढ्याच सोडायच्या, रिंग सरकते. पण माझी मागची रिंग उघडून बघितल्यावर चाचा गप्प झाले. निपलच्या कडा पकडीनं धरून गोल करून टाकलेल्या, स्पोकची चावी बसतच नव्हती. आणि नवे घातलेले सात-आठ स्पोक सगळे एकाच लांबीचे. बुलेटला ड्रमच्या बाजूचे आणि पलीकडचे स्पोक एका लांबीचे नसतात. लांब स्पोक आखूडच्या जागी घातलेला, तोच निपलमधून वर येऊन ट्यूबला टोचत होता, आणि दुसऱ्या बाजूला आखूड पडलेले दोन-तीन आट्यांवर कसेबसे अडकलेले. चाचांनी त्यातला एक काढून माझ्या तळहातावर ठेवला. टोकाच्या आट्या घासून चकचकीत झाल्या होत्या. ह्याच्यावर बसून मी महिनाभर फिरलो, मागं बायको असायची.

तर ठरलं, दोन्ही चाकं पूर्ण उघडायची, नवे स्पोक, नवे निपल. माझं म्हणणं साधे स्पोक घालूया, चाचांनी विचारलं राहतोस कुठं, खानापूर म्हटल्यावर स्टेनलेस घे म्हणाले, आमच्याकडचा पाऊस त्यांना माहीत आहे. निपल मात्र पितळेचे, कारण स्टेनलेसवर स्टेनलेस आवळताना जाम होऊन बसतं, पितळ होत नाही. बेअरिंग मी बेळगावातच घेतलो, मागच्या हबमधला एक स्पेसर झिजला होता तो उद्यमबागेत लेथवाल्याकडून करून आणलो, त्या बाबतीत बेळगावकर नशीबवान आहेत, दहा मिनिटांवर लेथ असतंय. रिंगा जुन्याच ठेवल्या. मागच्या रिंगेला एका ठिकाणी खड्ड्याचा मार बसून कड आत गेली होती, ती तारा ओढून सरळ होत नाही हे चाचांनी स्पष्ट सांगितलं, तिथल्या तारा आवळून-सोडून तात्पुरतं गोल दिसेल पण ताण बिघडणार. तारा काढल्यावर लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून लाकडी हातोड्यानं बसवली, अर्धा तास, हळूहळू, अंगठा फिरवून बघत बघत.

बांधायच्या दिवशी मी सकाळपासून तिथंच बसलो. मला वाटतं हे काम बघायला मिळणं हेच निम्मे पैसे वसूल आहे. हब मांडीवर, स्पोक दोन ढिगात, ड्रमच्या बाजूचे २० आणि पलीकडचे २०. प्रत्येक बाजूच्या वीसातले दहा आतून बाहेर ओवायचे, दहा बाहेरून आत. आधी आतले सगळे, मग बाहेरचे, त्यांनी आतल्यांना ओलांडून जायचं. चार तारांचा एक मेळ आणि असे दहा मेळ, रिंगभर तेच तेच येत राहतं, एक मेळ चुकला की पुढचा बसतच नाही. रिंगेची भोकं पण सरळ पाडलेली नसतात, नीट बघितलात तर दिसेल, प्रत्येक भोकाचा खळगा जरा तिरका असतो, त्याची तार हबच्या ज्या बाजूला जाणार तिकडं तोंड करून. म्हणून दुसऱ्या गाडीची रिंग भोकं मोजून घातली, ४० ला ४० जुळले, तरी बरोबर बसेल असं नाही, तार निपलपाशी वाकते आणि तिथंच तुटते. आटीवर तेलाचं एक बोट, निपल बसतो त्या खळग्यात पण तेल, मग निपल हातानं दोन-चार फेरे, सगळ्यांना सारखे. चाचांचे हात चालत होते आणि ते माझ्याशी बाबा कुठं कामाला होते, गाडी किती वर्षं उभी होती ह्याच्यावर बोलत होते, नजर कधी रिंगेवर, कधी रस्त्यावर. मेळ एकदाही चुकला नाही.

मग स्टँड. हे स्टँड विकत मिळत नाही, एका जुन्या गाडीचा पुढचा चिमटा कापून लोखंडी अँगलवर वेल्डिंग केलाय आणि बाजूला एक लांब बोल्ट, पुढं-मागं सरकणारा, त्याचं टोक म्हणजे काटा. चाक त्याच्यात लावून पहिल्यांदा उडणं काढलं, डुलणं नंतर. जिथं रिंग वर उठते तिथल्या दोन्ही बाजूच्या तारा थोड्या आवळायच्या, जिथं आत बसते तिथल्या सोडायच्या. डुलण्याला उलटं, जिकडं ओढायची त्या बाजूच्या आवळायच्या आणि समोरच्या बाजूच्या आधी सोडायच्या, आधी सोडायच्या हे महत्त्वाचं, नाहीतर नुसता ताण वाढत जातो आणि निपल गोल होतो. कधीच एका तारेला पूर्ण फेरा नाही. अर्धा, मग पाव, शेवटी शेवटी तर चावी नुसती हलल्यासारखी वाटायची. एक काढलं की दुसरं जरा बिघडतं, म्हणून परत उडणं, परत डुलणं, परत पट्टी लावून सेंटर. हे असं किती वेळा झालं मोजलो नाही, मागच्या चाकाला दोन तास लागले.

शेवटचं माप कशानं घेतलं सांगू? हॅक्सॉच्या ब्लेडनं. काटा आणि रिंग ह्यांच्या फटीत ब्लेड सरकवायचं आणि चाक हळू फिरवायचं. ब्लेडची जाडी अर्ध्या एमएमपेक्षा जरा जास्त. सगळीकडं एक ब्लेड जातं आणि दोन कुठंच जात नाहीत असं झालं की चाचा चावी खाली ठेवतात. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये २ एमएमपर्यंत आऊट चालतो असं लिहिलेलं असतं, त्या हिशोबानं हे काम फारच पुढचं. फक्त एका जागी काटा जरा टेकायचा, रिंगेचा जोड वेल्डिंग केलेला असतो तिथं. मी दाखवलो तर म्हणाले, तो जोड आहे, तो उचललेलाच असणार, त्याच्या मागं लागून आजूबाजूच्या तारांचा ताण बिघडवायचा नाही, जोड सोडून बाकीचं बघ.

ताणाबद्दल त्यांनी जे सांगितलं त्यानं मला माझ्या कणकुंबीच्या तारा का तुटल्या ते कळलं. चाक फिरताना प्रत्येक तार एकदा खाली येते, खाली आली की गाडीच्या वजनानं तिचा ताण थोडा कमी होतो, वर गेली की परत येतो. ताण भरपूर असेल तर ती कमी-जास्त होऊन पण ताठच राहते. आधीच ढिल्ली असेल तर खाली आल्यावर पूर्ण सैल पडते, मानेत वाकते, वर गेली की परत खेचली जाते, प्रत्येक फेऱ्याला एकदा. एखादी तार हातानं वाकवून-सरळ करून तोडतो तसंच झालं की हे, फक्त हजारो फेऱ्यांत. म्हणून नुसती सरळ रिंग बघून फसायचं नाही. वेड्यावाकड्या ताणानं पण रिंग सरळ दिसते, एक तार जास्त ओढलेली, शेजारची मुकी, तरी काट्याला लागत नाही. पंधरा दिवसांत ती आपल्या जागी परत जाते. चाचांनी शेवटी परत पाना घेऊन चाळीस तारा वाजवल्या. एका बाजूच्या सगळ्या एका सुरात, दुसऱ्या बाजूच्या जरा वेगळ्या सुरात पण त्या पण एका सुरात. कपिलेश्वराकडची घंटा अधनंमधनं ऐकू येत होती आणि इकडं हे टिंग टिंग, मला फार बरं वाटलं ऐकून.

निपलच्या वर आलेली टोकं ग्राइंडरनं बरोबर निपलच्या तोंडाला कापून, बोट फिरवून बघून, मग रबरी पट्टी नवी. माझं बोट धरून पण फिरवून दाखवलं, कुठं टोचत नाही बघ म्हणून.

चाकं गाडीला बसवल्यावर दोरीचं काम. बुलेटला हे सोपं पडतं कारण दोन्ही टायर एकाच मापाचे, मागच्या टायरच्या मागून दोरी ताणून पुढं आणायची, खालच्या बाजूला पण जमेल तेवढी उंच, हँडल सरळ. चाकं एका रेषेत असतील तर मागच्या टायरच्या दोन्ही कडांना आणि पुढच्या टायरच्या दोन्ही कडांना दोरी एकदम टेकते, चारही ठिकाणी. मग तसंच दुसऱ्या बाजूनं. पहिल्या वेळी पुढं टेकत नव्हती, चाचांनी मागच्या ॲक्सलच्या, चेन ताणायच्या, गोगलगायीसारख्या चकत्या बघितल्या, एक बाजू एक खाच पुढं होती. चेन ताणताना दोन्हीकडं खाच मोजून सारखी ठेवायची, हे बाबा मला लहानपणी सांगायचे ते आठवलं. ती खाच सारखी केली, दोरी चारही ठिकाणी टेकली.

घरी जाताना तिसऱ्या गेटावरनं खानापूर रोडला लागलो, मच्छे ओलांडल्यावर रस्ता मोकळा मिळाला, साठ गेलो, पासष्ट गेलो, हँडलवरचा हात सैल सोडला तरी गाडी आपली सरळ. ओढणं नाही, काही नाही. घरी बाबांना मागं बसवून एक फेरी मारलो. ते काही बोलले नाहीत, उतरून फक्त मागच्या चाकाकडं वाकून बघितलं आणि एका तारेवर नखानं टिचकी मारली.

दोनशे-अडीचशे किलोमीटर चालवून परत आण, असं चाचांनी बजावून सांगितलं होतं, नव्या तारांच्या माना हबमध्ये आणि निपल खळग्यात बसतात, मग ताण थोडा उतरतो. मी गेलो, पुढच्या चाकात तीन आणि मागच्या चाकात पाच तारा पाव पाव फेरा आवळल्या, त्याचे पैसे घेतले नाहीत. त्याच्यानंतर पूर्ण पावसाळा आणि दोन वेळा चोर्ला झाला, परवा मी स्वतः पाना मारून चाळीस-चाळीस तारा वाजवून बघितलो, एक पण मुकी नाही.

आता जे आवडलं नाही ते पण सांगायला पाहिजे. चार दिवस सांगितले, नऊ दिवस लागले. फोन उचलत नाहीत, उचलला तर "उद्या ये", त्यामुळं खानापूर-निपाणीकडच्यांनी दोन फेऱ्या धरूनच जावं. मागच्या रिंगेच्या क्रोमवर स्टँडच्या चिमट्याचा एक ओरखडा उठला, फार नाही, पण मी घासून चमकवलेली रिंग होती, जीव हळहळला. तुमच्या रिंगा नव्या क्रोमच्या असतील तर कापडाच्या पट्ट्या बरोबर न्या आणि गुंडाळायला सांगा, ते ऐकतात, रागावत नाहीत. बिल मिळत नाही. बसायला एक स्टूल, त्याच्यावर बहुतेक वेळा कुणाची तरी रिंग असते.

मजुरी दोन्ही चाकांची मिळून ९०० रुपये घेतली, उघडणं, मार काढणं, बांधणं, सेंटर सगळं धरून. स्पोक, निपल, बेअरिंग माझे. रोख नाहीतर नातवाच्या नंबरवर फोनपे. नातू कॉलेजला जातो, संध्याकाळी येऊन सायकलच्या रिंगा बांधतो, मोटरसायकलच्या अजून नाही, चाचा देत नाहीत म्हणाला.

जाताना काय न्यायचं, नुसती रिंग नेऊ नका. चाक पूर्ण न्या, हब, ड्रम, ॲक्सल, दोन्ही बाजूचे स्पेसर सगळं, मागचं असेल तर चेनचं चक्र पण, नाहीतर सेंटर कशावरून धरणार. जमलं तर गाडीच घेऊन जावा, म्हणजे शेवटी दोरी लावता येते. टायर-ट्यूब तिथं काढून घेत नाहीत, ते शेजारच्या पंक्चरवाल्याकडून आधी करून घ्या. सकाळी दहाच्या आत गेलात तर चाचा निवांत बोलतात, शुक्रवारी दुपारी बंद.